डॉक्टर-शिक्षकाचे चरित्र कसे लिहावे

डॉक्टर आणि वैद्यकीय शिक्षक अशा दोन्ही नात्यांनी आयुष्य वेचलेल्या व्यक्तीचे चरित्र लिहायला घेणाऱ्यापुढे पहिल्याच दिवशी एक मोह उभा राहतो. पदव्या, नेमणुका, पुरस्कार, परिषदांची अध्यक्षपदे आणि शोधनिबंध यांची यादी त्याच्या हाती आयतीच आलेली असते. ती कालक्रमाने लावली, प्रत्येक नोंदीला दोन-चार वाक्यांची जोड दिली आणि शेवटी शिष्यांचे गहिवरलेले उद्गार टाकले की पाने सहज भरतात. असे लेखन खोटे नसते, पण त्या माणसाने नेमके काय शिकवले, कसे शिकवले आणि त्या शिकवण्यामुळे रुग्णांच्या वाट्याला काय वेगळे आले, हे ते वाचून कळत नाही. माझ्या मते डॉक्टर-शिक्षकाच्या चरित्राचा कणा त्याचे अध्यापन हाच असला पाहिजे, आणि अडचण अशी की अध्यापनाचेच पुरावे सर्वांत कमी उरतात. शस्त्रक्रियेची नोंद होते, शोधनिबंध छापला जातो, नेमणुकीचा आदेश फायलीत राहतो. राउंडवर एखाद्या खाटेशेजारी अर्धा तास थांबून जे शिकवले गेले, ते मात्र ऐकणाऱ्यांच्या मनाखेरीज सहसा कुठेच उरत नाही. म्हणून या पुसट खुणा कशा शोधाव्यात, कशा पारखाव्यात आणि कशा मांडाव्यात, यावरच पुढे अधिक भर दिला आहे.

उदाहरणे बहुतांशी सर विल्यम ऑस्लर यांच्या आयुष्यातून घेतली आहेत. १८४९ मध्ये कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात जन्मलेल्या ऑस्लर यांनी मॉन्ट्रियल, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर आणि ऑक्सफर्ड अशा चार ठिकाणी शिकवले आणि १९१९ मध्ये ऑक्सफर्डला त्यांचे निधन झाले. वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवले एवढीच ओळख आपल्यामागे राहिली तरी पुरे, अशा आशयाचे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. त्यांच्याविषयीची कागदपत्रे मुबलक आहेत, आणि मेंदूशल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९२५ मध्ये व इतिहासकार मायकेल ब्लिस यांनी १९९९ मध्ये लिहिलेली त्यांची दोन मोठी चरित्रे आज शेजारी ठेवून वाचता येतात. तुम्ही ज्यांचे चरित्र लिहिणार आहात त्यांचे नाव कदाचित एका महाविद्यालयाबाहेर कुणाला ठाऊक नसेल. पद्धत तरीही तीच लागू पडते.

तीन रकान्यांचा तक्ता

लेखनाला हात घालण्यापूर्वी तीन रकान्यांचा एक तक्ता तयार करावा. पहिल्या रकान्यात व्यक्तीच्या आयुष्यातील घटना, दुसऱ्यात तिने ज्या संस्थांत काम केले त्यांच्या इतिहासातील घटना आणि तिसऱ्यात त्या काळी वैद्यकशास्त्रात घडलेल्या गोष्टी वर्षवार लिहाव्यात. पहिला रकाना सगळेच भरतात. त्याला अर्थ येतो तो तिन्ही रकाने आडवे वाचल्यावर.

ऑस्लर यांचेच पाहा. १८८९ मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुख्य वैद्य म्हणून रुजू झाले, एवढे पहिल्या रकान्यात येते, आणि सर्वसाधारण चरित्र तिथून थेट ‘तेथे त्यांनी वैद्यकीय शिक्षणात क्रांती घडवली’ या वाक्यावर उडी घेते. दुसरा रकाना पाहिला की वेगळेच चित्र दिसते. रुग्णालय १८८९ च्या मे महिन्यात उघडले खरे, परंतु विद्यापीठाचा निधी ज्या रेल्वे कंपनीच्या समभागांत गुंतला होता त्यांचा लाभांश आटल्यामुळे वैद्यकीय महाविद्यालयासाठी पैसे उरले नाहीत आणि ते १८९३ पर्यंत सुरूच होऊ शकले नाही. म्हणजे पहिली चार वर्षे या नामवंत शिक्षकाकडे पदवीचा अभ्यासक्रम शिकणारा वर्गच नव्हता. त्यांचे ‘द प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस ऑफ मेडिसिन’ हे पाठ्यपुस्तक १८९२ चे आहे, हे शेजारी लिहिले की त्या मोकळ्या काळाचा त्यांनी काय उपयोग केला ते उलगडते. महाविद्यालय उघडल्यावरही पहिल्या तुकडीला शेवटच्या वर्षाला पोहोचायला आणखी तीन वर्षे लागली. ती १८९७ मध्ये उत्तीर्ण झाली, आणि ऑस्लर यांनी १९०५ मध्ये बाल्टिमोर सोडले. ज्या वॉर्डातील अध्यापनासाठी त्यांचे नाव आजही घेतले जाते, ते त्या पूर्ण रूपात तिथे जेमतेम नऊ वर्षे चालले. ही गोष्ट कोणत्याही आठवणीत सांगितलेली नसते. ती तारखा नीट लावल्या की दिसते.

दुसऱ्या रकान्यात पैशाची नोंद टाळू नये. हे महाविद्यालय उघडू शकले ते मुख्यतः मेरी गॅरेट यांच्या ३ लाखांहून अधिक डॉलरच्या देणगीमुळे, आणि देणगीला अटी होत्या: स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळाला पाहिजे आणि प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याजवळ पदवी असली पाहिजे. पहिल्या तुकडीतील १८ विद्यार्थ्यांपैकी ३ स्त्रिया होत्या. विद्यार्थ्याच्या हाती वॉर्डातील ठरावीक खाटांवरचे रुग्ण सोपवण्याची ऑस्लर यांनी अवलंबिलेली पद्धत यशस्वी झाली, कारण वॉर्डात येणारा विद्यार्थी आधीच चांगली तयारी करून आलेला असे. आणि ही तयारी सक्तीची झाली ती एका देणगीदार स्त्रीच्या आग्रहामुळे. शिक्षकाच्या यशाचे सारे श्रेय त्याच्या व्यक्तिमत्त्वाला देणारा चरित्रकार नकळत अशा अनेक हातांवर अन्याय करतो.

तिसरा रकाना शिक्षकाला त्याच्या काळात परत नेऊन ठेवतो. १८९२ चे पाठ्यपुस्तक लिहिताना क्ष-किरणांचा शोध लागलेला नव्हता, तो १८९५ चा; हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये दाखवले. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हराँ यांनी १८८० मध्ये रुग्णाच्या रक्तात हा परजीवी पाहिला होता, पण ऑस्लर यांना प्रथम ते पटले नव्हते. पुढे स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तपासल्यावर त्यांनी मत बदलले. शिक्षकाने आपले मत केव्हा आणि कशामुळे बदलले, हे ज्या चरित्रात सापडते ते माझ्या लेखी मोलाचे चरित्र आहे, कारण पुरावा समोर आल्यावर काय करायचे असते हे विद्यार्थी त्यातूनच शिकत असतात.

अध्यापनाच्या खुणा कुठे शोधाव्यात

सेवापुस्तिका आणि नेमणुकीचे आदेश पाहून झाले की खरा शोध सुरू होतो. सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे विद्यार्थ्यांच्या वह्या. शिक्षक काय बोलायचा होता याची टिपणे त्याच्या स्वतःच्या कागदांत मिळतात, पण तो प्रत्यक्षात काय बोलला आणि त्यातले समोरच्यापर्यंत काय पोहोचले, हे विद्यार्थ्याच्या वहीतच दिसते. एकाच व्याख्यानाच्या दोन वेगवेगळ्या वह्या मिळाल्या तर त्या ओळीला ओळ लावून वाचाव्यात. दोघांनीही जे वाक्य अधोरेखित केले असेल त्यावर शिक्षकाने वर्गात जोर दिला होता, असे मानायला बऱ्यापैकी आधार असतो.

त्याखालोखाल प्रश्नपत्रिका. परीक्षकाला विद्यार्थ्याकडून स्मरणशक्ती हवी होती की विचार, हे प्रश्नाच्या रचनेत लपत नाही. ‘न्यूमोनियाची लक्षणे लिहा’ असे वर्षानुवर्षे विचारणाऱ्या विभागात एखाद्या वर्षापासून ‘ताप, खोकला आणि छातीत दुखणे असलेल्या रुग्णाची तपासणी कोणत्या क्रमाने कराल आणि का’ असे प्रश्न येऊ लागले असतील, तर त्या वर्षी विभागात कोण आले, हे शोधून काढावे. वेळापत्रकांतही असेच काही हाती लागते. व्याख्यानांचे तास कमी होऊन वॉर्डातले तास वाढले असतील, ओपीडीत विद्यार्थ्यांची पाळी लागू लागली असेल, मृत्यू पावलेल्या रुग्णांवरील चर्चेची बैठक आठवड्याच्या कार्यक्रमात आली असेल, तर त्या बदलामागे कुणाचा तरी आग्रह असतो आणि त्याचा कागद विभागाच्या बैठकीच्या इतिवृत्तात सापडण्याची शक्यता असते.

शवविच्छेदनाची नोंदपुस्तके हे दुर्लक्षित पण फार बोलके साधन आहे. ऑस्लर १८७६ पासून १८८४ मध्ये फिलाडेल्फियाला जाईपर्यंत मॉन्ट्रियल जनरल हॉस्पिटलात विकृतिशास्त्रज्ञ होते आणि तिथे त्यांनी शेकडो शवविच्छेदने करून त्यांच्या नोंदी ठेवल्या. वॉर्डात पुढे त्यांनी जो आत्मविश्वास दाखवला त्याची मुळे या नोंदींत आहेत: जिवंतपणी केलेले निदान आणि मृत्यूनंतर दिसलेले सत्य यांची गाठ त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने घालून पाहिली होती. तुमच्या चरित्रनायकाने अशा नोंदी केल्या असतील तर त्यांतील निदान चुकल्याच्या जागा आवर्जून पाहाव्यात. चुकलेले निदान तो विद्यार्थ्यांपुढे मांडत होता की फाईल मिटून पुढच्या कामाला लागत होता, यावरून शिक्षक म्हणून त्याची जात कळते.

पाठ्यपुस्तक लिहिलेले असेल तर एकच आवृत्ती वाचून थांबू नये. आवृत्त्या शेजारी ठेवाव्यात आणि एकच आजार निवडून त्यावरचे प्रकरण प्रत्येक आवृत्तीत कसे बदलत गेले ते पाहावे. कोणते औषध गळाले, कुठे ‘निश्चित’ ऐवजी ‘बहुधा’ आले, कोणता परिच्छेद नवा ज्ञानलाभ होऊनही तसाच राहिला, हे सारे लेखकाच्या मनाचे नकाशे असतात. पुस्तकाचा परिणामही अनपेक्षित ठिकाणी दिसू शकतो. अमेरिकी उद्योगपती रॉकफेलर यांचे सल्लागार फ्रेडरिक गेट्स यांनी, जे डॉक्टर नव्हते, १८९७ च्या उन्हाळ्यात ऑस्लर यांचे पाठ्यपुस्तक वाचले. खात्रीने बरे करता येतील असे आजार किती थोडे आहेत हे त्यात इतक्या प्रांजळपणे लिहिले होते की वैद्यकीय संशोधनासाठी स्वतंत्र संस्था हवी, असे गेट्स यांना वाटले आणि १९०१ मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूट स्थापन झाली. आपल्या शास्त्राच्या मर्यादा न लपवणाऱ्या पुस्तकाचे हे फळ होते.

शिष्यांची यादी करताना हजेरीपटावर विसंबू नये. मॉड ॲबट यांची गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठाने स्त्री म्हणून त्यांना वैद्यकीय प्रवेश नाकारला, त्यांनी दुसऱ्या संस्थेतून १८९४ मध्ये पदवी घेतली आणि पुढे मॅक्गिलच्याच वैद्यकीय संग्रहालयाचे काम त्यांच्याकडे आले. त्या संग्रहालयात ऑस्लर यांनी पूर्वी जमवलेले नमुने होते. १८९८ मध्ये त्या बाल्टिमोरला गेल्या असता ऑस्लर यांनी अशा संग्रहालयातून केवढे शिक्षण देता येईल, हे त्यांना पटवून दिले. पुढे जन्मजात हृदयदोषांवरील प्रकरण ऑस्लर यांनी आपल्या बहुखंडी ग्रंथासाठी त्यांच्याकडूनच लिहून घेतले, आणि १९३६ मध्ये ॲबट यांचा या विषयावरील चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. ऑस्लर यांच्या वर्गात ॲबट कधी विद्यार्थिनी म्हणून बसल्या नव्हत्या, तरी त्यांच्या अध्यापनाचे याहून ठळक फलित सांगणे कठीण. तुमच्या चरित्रनायकाच्या आयुष्यातही असे कुणी असण्याचा पुष्कळ संभव आहे: वॉर्डातील परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, बदली होऊन आलेला तरुण डॉक्टर, दुसऱ्या विभागातील सहायक. त्यांचा शोध प्रबंधांच्या ऋणनिर्देशात आणि शिफारसपत्रांत घ्यावा.

आठवणी कशा विचाराव्यात

हयात असलेल्या विद्यार्थ्यांशी बोलताना ‘सर कसे होते’ हा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. सर शिस्तप्रिय होते, प्रेमळ होते, वेळेचे पक्के होते, हे ऐकून घ्यावे आणि मग प्रसंगाकडे वळावे. तुम्ही त्यांच्यापुढे पहिली केस मांडलीत तेव्हा त्यांनी कुठे थांबवले? राउंडवर ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहत की रुग्णाच्या उजव्या हाताला? रुग्णाशी आधी बोलत की केसपेपर आधी हातात घेत? पोट तपासण्यापूर्वी हात चोळून गरम करत का? विद्यार्थ्याला उत्तर आले नाही तर ते दुसऱ्याला विचारत, स्वतः सांगत की उद्या वाचून ये म्हणत? रुग्णासमोर कोणते शब्द वापरू देत नसत?

अशा प्रश्नांना माणसे वेगळ्या आवाजात उत्तरे देतात. समजा, एक निवृत्त डॉक्टर सांगतात की विद्यार्थ्याने ‘सात नंबरचा हार्ट फेल्युअर’ असे म्हटले की सर काही न बोलता त्या खाटेवरच्या बाईंना त्यांचे नाव विचारत आणि विद्यार्थ्याला त्या नावासकट वाक्य पुन्हा म्हणायला लावत. या एका तपशिलात ‘ते रुग्णांचा आदर करत आणि करायला शिकवत’ हे संपूर्ण विधान सामावलेले आहे, आणि ते विधान मग स्वतंत्रपणे लिहिण्याची गरज उरत नाही. मात्र तो तपशील एकाच व्यक्तीने सांगितला असेल तर तसे मजकुरात दिसू द्यावे. वेगवेगळ्या तुकड्यांतील तिघांनी सांगितला असेल तर ती सवय होती, असे लिहायला हरकत नाही.

ज्यांचे त्या शिक्षकाशी पटले नाही, अशांनाही भेटणे आवश्यक आहे. नापास झालेले, युनिट बदलून घेतलेले, अपमान झाल्याची जखम अजून बाळगणारे विद्यार्थी शोधून काढायला वेळ लागतो आणि ते बोलतीलच असेही नाही, परंतु भीती घालून शिकवण्याची रीत ज्या पिढ्यांत सर्रास होती त्या पिढ्यांतील शिक्षकाचे चरित्र अशा साक्षींवाचून अपुरे राहते. बोलणाऱ्याची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे, त्यातले काय नावानिशी वापरायचे आणि काय नाही हे त्याच बैठकीत लिहून घ्यावे, आणि तारीख नोंदवावी. घरच्या माणसांच्या आठवणी मोलाच्या असतात. पण त्यांनी वॉर्ड पाहिलेला नसतो, हे विसरू नये.

चरित्रनायकाच्या स्वतःच्या हस्ताक्षरातला पुरावाही डोळे झाकून घेण्यासारखा नसतो. ऑस्लर यांना ‘एगर्टन यॉरिक डेव्हिस’ या काल्पनिक लष्करी डॉक्टरच्या नावाने थट्टेचे लेखन करण्याची हौस होती. या नावाने १८८४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेले, संपूर्णपणे रचलेल्या केसचे पत्र पुढे खऱ्या निरीक्षणाचा दाखला म्हणून इतरांनी उद्धृत केले. पत्र खरे आहे, स्वाक्षरीमागचा माणूसही ठाऊक आहे, आणि तरीही मजकूर खोटा आहे, असे घडू शकते.

‘पहिले’ आणि ‘जनक’ हे शब्द

गौरवग्रंथांतून हे दोन शब्द फार स्वस्त झाले आहेत. अमुक शस्त्रक्रिया पहिल्यांदा करणारे, तमुक विषयाचे जनक, अशी विधाने एका स्मरणिकेतून दुसरीत आणि तिथून ज्ञानकोशांत जातात आणि कुणी तपासत नाही. ऑस्लर यांच्याबद्दल ‘रक्तातील प्लेटलेट्सचा शोध लावला’ असे लिहिलेले आढळते. वस्तुस्थिती अधिक रंजक आहे. लंडनमध्ये बर्डन सँडरसन यांच्या प्रयोगशाळेत काम करताना तरुण ऑस्लर यांनी हे सूक्ष्म कण बारकाईने पाहिले आणि १८७४ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पण माक्स शुल्त्से यांनी १८६५ मध्येच त्यांची नोंद केली होती, ऑस्लर यांना त्यांचे स्वरूप नीट उलगडले नव्हते, आणि रक्त गोठण्यात त्यांचे काम काय ते जुलिओ बित्झोझेरो यांनी १८८२ मध्ये दाखवले. हे सगळे चार ओळींत लिहिता येते आणि त्याने ऑस्लर यांचे मोल कमी होत नाही. उलट पंचविशीतला एक डॉक्टर काय पाहू शकला आणि कुठे अडला, ते दिसते.

विद्यार्थ्यांना ‘क्लिनिकल क्लार्क’ म्हणून वॉर्डात जबाबदारी देण्याचेही तसेच. ही कल्पना ऑस्लर यांनी शोधलेली नाही. ब्रिटिश रुग्णालयांत ती आधीपासून होती, आणि त्याही आधी अठराव्या शतकात हॉलंडमधील लायडन येथे हर्मन बूऱ्हाव अवघ्या १२ खाटांच्या वॉर्डात विद्यार्थ्यांना रुग्णापाशी नेऊन शिकवत होते. ऑस्लर यांनी काय केले, तर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वॉर्डाच्या रोजच्या कामाचा अधिकृत भाग बनवले: ठरावीक खाटा त्याच्याकडे, रुग्णाची हकिगत त्याने घ्यायची, लघवी आणि रक्त त्याने तपासायचे, आणि राउंडवर उत्तर त्याने द्यायचे. नेमकी भर कोणती, हे सांगितले म्हणजे थोरवी आपोआप सिद्ध होते. म्हणून ‘पहिले’ हा शब्द लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात: कुठल्या क्षेत्रात पहिले, कशाच्या नोंदीवरून पहिले, आणि त्याआधी कुणी केलेच नव्हते हे कुठे तपासले. तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत तर त्या व्यक्तीने काय केले तेवढेच साधेपणाने लिहावे.

संख्यांनाही हाच नियम. ‘हजारो डॉक्टर घडवले’ असे लिहिण्याऐवजी तुकडीचा आकार, युनिटमध्ये एका वेळी येणारे विद्यार्थी आणि सेवेची वर्षे यांवरून हिशेब करावा.

रुग्ण

डॉक्टरचे चरित्र इतर चरित्रांहून वेगळे ठरते ते इथे. चरित्रनायकाच्या आयुष्यातील सर्वांत चांगल्या गोष्टी बहुधा रुग्णांच्या असतात, आणि त्या सांगण्याचा अधिकार डॉक्टरलाही नसतो, तर चरित्रकाराला कुठून असणार? जागतिक वैद्यकीय संघटनेच्या जिनिव्हा प्रतिज्ञेत रुग्णाच्या मृत्यूनंतरही त्याची गुपिते राखण्याचे वचन आहे. म्हणजे रुग्ण हयात नाही, हे कारण पुरेसे नाही.

केवळ नाव बदलून ओळख लपत नाही, हे फार जण विसरतात. वय, गाव, व्यवसाय, दुर्मीळ आजार आणि साल यांतील कोणत्याही तीन गोष्टी एकत्र आल्या की ओळखीच्या माणसाला ती व्यक्ती कळते. शिकवण्याचा मुद्दा ज्यावर उभा आहे तेवढाच वैद्यकीय तपशील ठेवावा आणि बाकीचा गाळावा. बदलून लिहू नये, कारण बदललेला तपशील पुढे कुणीतरी खरा म्हणून उचलतो. रुग्णालयाचे जुने केसपेपर पाहण्यासाठी संस्थेची लेखी परवानगी घ्यावी, आणि नातेवाइकांनी हौसेने दिलेल्या छायाचित्रात मागे खाटेवर एखादा रुग्ण दिसत असेल तर ते छायाचित्र वापरू नये. रुग्णाने स्वतःच आपला अनुभव जाहीरपणे लिहिला असेल, किंवा जिवंत रुग्णाने समजून-उमजून लेखी संमती दिली असेल, तेव्हा मोकळेपणाने लिहिता येते. तिथेही मजकूर छापण्यापूर्वी त्याला दाखवणे हे सौजन्य आहे.

सहकाऱ्यांच्या आजारांबद्दलही हेच. ऑस्लर यांनी जॉन्स हॉपकिन्सच्या सुरुवातीच्या दिवसांची एक खासगी टिपणवजा हकिगत लिहून ठेवली होती. तिच्यात त्यांचे सहकारी, थोर शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांच्या मॉर्फिनच्या व्यसनाचा उल्लेख होता. ती हकिगत प्रसिद्ध झाली १९६९ मध्ये, दोघांच्याही मृत्यूनंतर कित्येक दशकांनी. इतिहासाला ती हवी होती, आणि कोकेनचे स्वतःवर प्रयोग करताना हॉलस्टेड आधी कोकेनच्या आणि मग मॉर्फिनच्या व्यसनात सापडले ही गोष्ट त्या पिढीच्या संशोधनाची किंमत सांगते. तरीही माणूस हयात असताना ती दडवून ठेवणे योग्यच होते, असे मला ठामपणे वाटते. तुमच्या हाती असा कागद आला तर तो नष्ट करू नये आणि छापूही नये. ठरावीक वर्षांनंतरच खुला करण्याच्या अटीवर तो एखाद्या अभिलेखागारात ठेवता येतो.

वाद आणि उणिवा

वादाचे प्रकरण आले की चरित्रकार एक तर ते गाळतो किंवा ‘काही गैरसमज झाले’ म्हणून मोकळा होतो. मूळ भाषण किंवा पत्र आधी पूर्ण वाचावे, मग त्या वेळची वृत्तपत्रे, आणि शेवटी मित्रांचे खुलासे. क्रम उलटा झाला तर खुलाशाच्या चष्म्यातून मूळ मजकूर वाचला जातो. २२ फेब्रुवारी १९०५ रोजी बाल्टिमोर सोडताना केलेल्या भाषणात ऑस्लर यांनी माणसाचे निर्मितिक्षम काम चाळिशीच्या आत होते आणि साठीनंतर तो निरुपयोगी ठरतो असे म्हटले, आणि एका कादंबरीचा दाखला देत साठीनंतर क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधाने शांत मरण देण्याचा विनोदी उल्लेख केला. ऑस्लर साठी उलटलेल्यांना क्लोरोफॉर्म द्या म्हणतात, अशा मथळ्यांनी वृत्तपत्रे भरून गेली. क्लोरोफॉर्मचा भाग विनोद होता हे खरे. पण वयाबद्दलचे मत विनोद नव्हते, आणि चरित्रात या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या पाहिजेत. कुशिंग हे ऑस्लर यांचे निकटचे स्नेही होते आणि लेडी ऑस्लर यांच्या इच्छेवरून त्यांनी चरित्र लिहिले. त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि पत्रांचा साठा म्हणून त्याचे मोल आजही आहे. तरी एवढ्या जवळून सगळे दिसत नाही. तुम्ही शिष्य किंवा नातलग असाल तर तसे पहिल्याच पानावर सांगून टाकावे.

खासगी दुःखाला जागा द्यावी, पण बेताने. ऑस्लर यांचा मुलगा रिव्हेअर ऑगस्ट १९१७ मध्ये बेल्जियममधील इप्रच्या आघाडीवर जखमी होऊन मरण पावला, आणि त्याला वाचवण्याचे प्रयत्न झाले तेव्हा कुशिंग तिथे हजर होते. एवढे लिहिले की पुरे. त्यावर विशेषणे चढवली तर वाचक लेखकाकडे पाहू लागतो.

लिहून झाल्यावर

मसुद्यातून प्रथम ‘विद्यार्थिप्रिय’, ‘ऋषितुल्य’, ‘अजातशत्रू’, ‘देवमाणूस’ असे शब्द शोधून काढावेत आणि प्रत्येकाच्या जागी तो शब्द ज्यामुळे सुचला तो प्रसंग घालावा. प्रसंग सापडला नाही तर शब्दही काढावा. वैद्यकीय संज्ञा जशा वॉर्डात बोलल्या जातात तशाच ठेवाव्यात आणि पहिल्या वेळी एका वाक्यात त्यांचा अर्थ सांगावा; बोजड प्रतिशब्द योजल्याने सामान्य वाचकाला मदत होत नाही आणि डॉक्टर वाचक दुरावतो. आजच्या उपचारांच्या मापाने जुन्या डॉक्टरला तोलणारी वाक्ये दिसतील ती तिसऱ्या रकान्याशी ताडून दुरुस्त करावीत.

मग मसुदा तीन जणांना वाचायला द्यावा: त्याच शाखेतील पण त्या शिक्षकाचा शिष्य नसलेल्या डॉक्टरला, वैद्यकाशी संबंध नसलेल्या चोखंदळ वाचकाला, आणि रुग्णाच्या बाजूने विचार करू शकेल अशा एखाद्या अनुभवी परिचारिकेला. पहिला चुका काढील, दुसरा कुठे कंटाळा आला ते सांगेल, आणि तिसरी वॉर्डातले जे दृश्य खोटे वाटते त्यावर बोट ठेवील. मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला त्याच्या नावाचा मजकूर दाखवून होकार घ्यावा. खासगी पत्र ज्याला आले त्याच्याकडे कागद असतो, पण मजकुराचा हक्क सामान्यतः लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे राहतो. म्हणून पत्रे छापण्यापूर्वी ती परवानगी वेगळी मागावी.

सरतेशेवटी जमवलेले साहित्य घरात पडू देऊ नये. ऑस्लर यांनी आपला सुमारे ८,००० ग्रंथांचा संग्रह मॅक्गिल विद्यापीठाला दिला आणि १९२९ पासून तो अभ्यासकांसाठी खुला आहे. तुमच्याकडे असतील त्या वह्या, ध्वनिमुद्रणे आणि झेरॉक्स प्रती त्यामानाने थोड्या असतील; तरी त्यांची सूची करावी, प्रत्येक वस्तू कुणाकडून, केव्हा आणि कोणत्या अटीवर मिळाली ते लिहावे, ध्वनिमुद्रणांच्या दोन प्रती ठेवाव्यात, आणि संबंधित महाविद्यालयाच्या ग्रंथालयाशी लेखी बोलणी करून सर्व साहित्य सूचीसह त्यांच्या स्वाधीन करावे.